सायलेन्सरच्या आधीची दोन फूट नळी

नवी गाडी घरी आली की काही हौशी मंडळींचे लक्ष आधी तिच्या सायलेन्सरकडे जाते. कंपनी फिटिंगची नळी अरुंद असते, तिच्यामुळे इंजिनाचा दम कोंडतो आणि तिच्या जागी जाड नळी बसवली की पिकअप वाढतो, हा समज गॅरेजांमध्ये पक्का रुजलेला आहे. कोल्हापूरकडे सायलेन्सरची पुंगळी, म्हणजे आवाज दाबणारा आतला भाग, काढून दुचाक्या फिरवणाऱ्यांचा दावाही याहून वेगळा नसतो. तिथे वाढलेला आवाज हाच वाढलेल्या ताकदीचा पुरावा ठरतो. या समजात तथ्याचा अंश आहे, पण तो नळीच्या शेवटच्या टोकाला नसून अगदी सुरुवातीला, इंजिनाला चिकटलेल्या भागात आहे.

एक्झॉस्टच्या, म्हणजे जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या, नळीतून वायू नळाच्या पाण्यासारखा संथ वाहत नाही. पिस्टन तळाला पोहोचण्याआधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो आणि जळालेला वायू धक्क्यासरशी बाहेर फेकला जातो. या धक्क्याबरोबर दाबाची एक लाट निघते. ती ध्वनीच्या वेगाने जाते, आणि तापलेल्या वायूत हा वेग सेकंदाला साधारण साडेपाचशे मीटर, म्हणजे बाहेरच्या हवेतल्या ध्वनीपेक्षा बराच जास्त असतो. नळी जिथे एकदम रुंद होते तिथून ही लाट उलटून कमी दाबाची लाट म्हणून परत फिरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असताना आणि इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागलेला असताना, म्हणजे काही क्षण दोन्ही किंचित उघडे असताना, ती परतून आली तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला जागा करून देते.

अडचण शेजाऱ्यांची असते. चार सिलिंडरच्या इंजिनात स्फोटांचा क्रम बहुधा १-३-४-२ असा असतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दर १० मिलिसेकंदांनी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट उघडतो. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन जळका वायू ढकलत वर पोहोचायला जेमतेम तीन मिलिसेकंद उरलेले असतात, त्याच वेळी तिसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडून दाबाची नवी लाट सोडतो. चारही नळ्या वीतभर अंतरावरच एकत्र आणलेल्या असतील, तर ही लाट एका मिलिसेकंदाच्या आत पहिल्या सिलिंडरच्या दारात हजर होते आणि बाहेर निघालेला वायू पुन्हा आत कोंबते.

हिरोशिमाच्या माझदा कंपनीने २०१२ मध्ये बाजारात आणलेल्या सीएक्स-५ च्या पेट्रोल इंजिनात याच मुद्द्यावर काम केले होते. कंपनीच्या हिशेबानुसार, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) १०:१, आत येणारी हवा २५ अंश सेल्सिअस आणि शिल्लक वायू ७५० अंशांचा धरला, तर १० टक्के वायू मागे राहिल्याने दाबले जाण्यापूर्वीच मिश्रण सुमारे ७० अंशांनी आणि पूर्ण दाबल्यावर सुमारे १६० अंशांनी जास्त तापते. एवढे तापलेले मिश्रण वेळेआधी पेट घेऊन इंजिन ठोकू लागते, म्हणून कॉम्प्रेशन वाढवता येत नाही. माझदाने ४-२-१ रचना घेतली. तिच्यात पहिली आणि चौथी नळी एकत्र येते, दुसरी आणि तिसरी एकत्र येते, आणि मग त्या दोन नळ्यांची एक होते. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या धक्क्यांमध्ये एका पूर्ण फेऱ्याचे अंतर असल्याने त्यांची टक्कर होत नाही, आणि तिसऱ्याच्या लाटेला पहिल्यापर्यंत पोहोचायला दोन फुटांहून लांब वाट उतरून तेवढीच पुन्हा चढावी लागते. ती उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचते. युरोपात विकल्या गेलेल्या या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १४:१ होता, जो तोवर साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत जवळपास अशक्य मानला जात असे.

मग सगळेच कारखाने अशी लांब नळी का देत नाहीत? कारण पुढे बसलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा डबा, अडीचशे-तीनशे अंशांना तापल्याशिवाय नीट कामच करत नाही आणि लांब नळी वाटेतच वायू थंड करते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकांनंतर तो इंजिनाला आणखी चिकटला. काही इंजिनांत तर मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांच्या नळ्या एकत्र आणणारा भाग, सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. माझदालाही थंड इंजिन सुरू झाल्यावर ठिणगी मुद्दाम उशिरा पाडून वायू गरम ठेवावा लागला, आणि इतक्या उशिराची ठिणगी विझू नये म्हणून पिस्टनच्या माथ्याला खळगा द्यावा लागला.

रॅम्पवर चढवलेल्या गाडीखाली उभे राहिले की हा सगळा व्यवहार डोळ्यांना दिसतो. पुढे पत्र्याच्या उष्णतारोधक कवचात दडलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग हालचाल सोसणारा जाळीदार तुकडा, रबरी कड्यांवर लटकलेली लांब नळी आणि शेवटी गंज चढू लागलेला डबा. हौशी माणूस बहुधा हा शेवटचा डबा बदलतो. त्याने आवाज बदलतो आणि इंजिन जोरात फिरवल्यावर थोडा रोधही कमी होतो. पण नळी गरजेपेक्षा जाड घेतली तर वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर, म्हणजे शहरातल्या रहदारीत जिथे पिकअप खरोखर हवा असतो तिथेच, गाडी ढिली पडते. ‘इंजिनाला बॅक प्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा रोध) लागतेच’ हे त्यावरचे गॅरेजी स्पष्टीकरण मात्र चुकीचे आहे. रोधाचा फायदा इंजिनाला कधीच होत नाही, जाड नळीत हरवलेला असतो तो वायूचा वेग. मॅनिफोल्डच बदलायचा ठरवला, तर जळक्या वायूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची जागा हलते आणि इंधनाचे गणितही नव्याने बसवावे लागते, हे मात्र बिल हातात येईपर्यंत सहसा कोणी सांगत नाही.