ट्रायलमधली 'खोटी गोळी' म्हणजे फसवणूक? अजिबात नाही

फॅटी लिव्हर वाढून लिव्हरमध्ये फायब्रोसिस (व्रणासारखे कडक धागे) झालेल्या पेशंटला नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलं की घरचे हमखास म्हणतात, "नको रे बाबा, निम्म्या लोकांना नुसती साखरेची गोळी देऊन वाऱ्यावर सोडतात." कितीतरी वर्षं हे फिरतंय आणि लोक यामुळे चांगली संधी सोडतात, याचं खरंच वाईट वाटतं.

ही औषध नसलेली खोटी गोळी म्हणजे प्लासिबो, तो लागतो कशाला ते बघा. वजन उतरलं की औषधाशिवायही लिव्हरची चरबी आणि सूज कमी होऊ शकते. रेसमेटिरॉम या लिव्हरच्या औषधाच्या मोठ्या ट्रायलमध्ये ९६६ जण होते, ५२ आठवड्यांनी बायोप्सी (लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणी) केली तेव्हा १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत साधारण ३० टक्के लोकांचा सुजेचा आजार गेला आणि फायब्रोसिसही वाढला नाही, पण प्लासिबोवाल्यांतही जवळपास १० टक्के लोकांचं तसंच झालं! तुलनाच नसती तर तेही औषधाच्या नावावर जमा झाले असते. याच ट्रायलवर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) औषधाला मान्यता दिली.

आणि वाऱ्यावर वगैरे कोणी सोडत नाही. डाएट-व्यायामाचा सल्ला, रक्ततपासण्या दोन्ही गटांना सारख्याच. प्लासिबो मिळू शकतो हे कन्सेंट फॉर्ममध्ये सहीआधीच लिहिलेलं असतं, कधीही बाहेर पडता येतं. धोका शून्य नाही हे खरं, बायोप्सीला सुई लिव्हरपर्यंत जाते, औषधाने जुलाब-मळमळ होऊ शकते. म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना बिनधास्त विचारा, प्लासिबो मिळायची शक्यता किती, बायोप्सी किती वेळा, आणि ट्रायल संपल्यावर खरं औषध मिळणार का.