पचनाचे घरगुती उपाय (नागपूर परिसर)

पोट फुगणे, करपट ढेकर येणे, छातीत जळजळ, पोट साफ न होणे अशा रोजच्या तक्रारींवर आहार, मसाल्याचा डबा आणि दिनक्रम यांच्या आधाराने घरीच केलेला इलाज. तो महाराष्ट्रात सगळीकडे होतो. नागपूरकडे त्याला तिथल्या हवेचे आणि जेवणाचे वळण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) भूकच मरते आणि घरोघरी पन्हे, मठ्ठा व कच्चा कांदा यांवर दिवस काढले जातात. एरवी मात्र सकाळी तर्री (हरभऱ्याचा तिखट रस्सा) घातलेले पोहे, दुपारी वडा-भात, रविवारी सावजी रस्सा असे तिखट-तेलकट जेवण त्याच पोटाला पेलावे लागते.

‘पोट बिघडले’ या दोन शब्दांखाली वेगवेगळ्या तक्रारी येतात आणि एकीचा उपाय दुसरीला अपाय ठरू शकतो. घरगुती इलाज फसतो तो बहुधा इथेच. गॅसला उतार देणारा पुदिना अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करतो, त्यामुळे जळजळ असलेल्याला तो सोसत नाही. सकाळचे लिंबूपाणीही कित्येकांची जळजळ वाढवते. बोलीतल्या ‘पित्त’ या शब्दाने हा गोंधळ वाढतो. घशाशी जे आंबट पाणी येते त्याला आपण पित्त म्हणतो. ते प्रत्यक्षात जठरातले आम्ल असते. शरीरशास्त्रातले पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि तेल-तूप पचवण्यासाठी लहान आतड्यात उतरते. आयुर्वेदातले पित्त ही कल्पना या दोन्हींहून व्यापक आहे. म्हणून उपाय करण्याआधी नेमके काय होते आहे, ते स्वतःला नीट विचारावे.

गॅसचे मूळ बहुतेक वेळा डाळी-कडधान्यांत असते. तर्रीतला हरभरा, पाटवडीचे बेसन, पोळ्याच्या सणाचे पुरण, सगळे हरभऱ्याचेच. त्यात रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसते. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि पोट तडतडते. हरभरा रात्रभर भिजवून ते पाणी ओतून टाकले आणि नव्या पाण्यात मऊ शिजवला, तर या शर्करांचा बराच भाग निघून जातो. एवढ्या साध्या कृतीने जे टळते, त्यासाठी नंतर चमचाभर चूर्ण घेणे हा उलटा मार्ग आहे.

तरीही फोडणीतल्या हिंगाला आणि ओव्याला कारण आहे. ओव्यातले थायमॉल, बडीशेपेतले अ‍ॅनेथॉल ही सुगंधी द्रव्ये आतड्याच्या स्नायूंचा ताठरपणा कमी करतात, अडकलेला वारा सरतो. चिमूटभर ओवा काळ्या मिठाबरोबर चावून वर कोमट पाणी पिणे पुरेसे असते. जास्त ओवा उष्ण पडतो, तोंड आणि जठर दोन्ही चुरचुरतात. हिंग म्हणजे फेरुला वर्गातल्या झाडाच्या मुळाचा चीक. भारतात तो मुख्यतः अफगाणिस्तान आणि मध्य आशियातून येतो. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात त्याची लागवड २०२० साली सुरू झाली. बाजारी डबीत हिंगाबरोबर मैदा किंवा डिंक मिसळलेला असतो, त्यामुळे गव्हाचे पथ्य असलेल्याने डबी वाचून घ्यावी. आयुर्वेदातल्या हिंगाष्टक चूर्णात सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग ही आठ द्रव्ये असतात. ते तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेण्याची रीत आहे.

या सगळ्यांत मठ्ठ्याला पहिला मान द्यावा. दह्यातले जिवाणू दुधातल्या लॅक्टोजचा काही भाग लॅक्टिक आम्लात बदलतात. म्हणूनच दूध न पचणाऱ्या अनेकांना ताक चालते. लोणी काढल्यामुळे ते हलके असते आणि उन्हाळ्यात पाणी व मीठ दोन्ही पुरवते. नागपुरी बोलीत कोथिंबीर म्हणजे सांभार आणि आले म्हणजे अद्रक. ही दोन्ही ठेचून, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळे मीठ घालून केलेला मठ्ठा लग्नाच्या पंगतीत शेवटी वाढतात. जड जेवणानंतरची ही जागा अनुभवाने ठरलेली आहे. कढी केली की उष्णतेने जिवाणू मरतात, पण बेसन लावलेली पातळ कढी आणि मऊ भात हे आजाऱ्याचे जेवण म्हणून टिकून आहे. ताक मात्र त्याच दिवशीचे, कमी आंबट असावे. रक्तदाब असलेल्यांनी मीठ बेताने घालावे.

जळजळीसाठी मसाल्याच्या डब्याकडे धावू नये. तिथे वेळ आणि बसणे-निजणे महत्त्वाचे. पोट भरले असताना आडवे पडले की आम्ल अन्ननलिकेत चढते, म्हणून रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. पलंगाची डोक्याकडची बाजू विटेएवढी उचलणे आणि डाव्या कुशीवर निजणे हे दोन्ही गुणकारी आहे. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिण्याची सवय अनेक घरांत आहे. त्याने क्षणभर आराम पडतो, पण पोटात बरेच सोडियम जाते, म्हणून रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तो टाळावा.

सावजीबद्दल वेगळे सांगायला हवे. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेल्या या स्वयंपाकात मिरचीबरोबर मिरे, लवंग, दगडफूल असे भाजलेले मसाले असतात. मिरचीतले कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या नसांना चेतवते, म्हणून जीभ भाजल्यासारखी वाटते. ते पाण्यात विरघळत नाही, तेव्हा वर गटागटा पाणी पिऊन उपयोग नसतो. दही किंवा दुधाचा घोट घ्यावा. मिरचीने जठराला व्रण पडतो हा समज खोटा आहे. बहुतेक व्रणांना हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या कारण असतात. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ सालचे नोबेल मिळाले. ज्यांना आधीच जळजळ आहे त्यांना मात्र तिखट सोसत नाही, त्यांनी तर्री वेगळ्या वाटीत घेऊन बेताने खावी.

बद्धकोष्ठावर विदर्भाच्या ताटातच उत्तर आहे. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, उन्हाळ्यातली चिवळ, पावसाळ्यातला तरोटा, अंबाडी अशा पालेभाज्या, या सगळ्यांत चोथा भरपूर. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू, म्हणजे हाच चोथा, लागतात. संत्र्याच्या शहरात संत्र्याचा रस गाळून पिणे ही खेदाची गोष्ट आहे, कारण पोटाला हवे असलेले पेक्टिन (विरघळणारा तंतू) फोडीच्या सालीत आणि पांढऱ्या रेषांतच राहते. संत्र्याला वर्षात दोन बहार (फुलोरे) येतात: आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या तोंडाशी येतात आणि मृग बहाराची उन्हाळ्याच्या आधी. दोन्ही हंगामांत फोडी चावून खाव्यात. पिकलेल्या बेलफळाचा गर पोट साफ करतो, तर कच्च्या बेलाचा वाळवलेला गर जुलाबावर देतात. एकाच फळाचे असे दोन टोकांचे उपयोग असल्याने बेल घेताना त्याची अवस्था पाहावी. इसबगोल चमचाभर, पेलाभर पाण्यासह लगेच प्यावे. कमी पाण्यात ते फुगून घशात अडकू शकते. सोनामुखीचा काढा रोजचा करू नये, आतड्यांना त्याची सवय लागते. सकाळी काही खाल्ले-प्यायले की मोठे आतडे आपोआप हलू लागते. ती वेळ घाईत मोडू नये. पाश्चात्त्य कमोडवर पायाखाली पाट घेतल्याने उकिडवे बसण्यासारखी बैठक साधते.

जेवणानंतरची शतपावली फुटाळा तलावाच्या काठीच व्हावी असे नाही, गच्चीवर दहा-पंधरा मिनिटे रमतगमत चालले तरी पोट हलके होते. घास नीट चावणे हा तर बिनखर्चाचा उपाय, कारण पिठूळ पदार्थांचे पचन लाळेपासूनच सुरू होते.

उन्हाळ्यातल्या जुलाबात पोट थांबवण्यापेक्षा पाणी भरून काढणे आधी. एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप चमच्याने मोजूनच घ्यावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र घुटी, ओव्याचे पाणी किंवा मध देऊ नये, आईचे दूधच पुरे. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, कारणाशिवाय घटणारे वजन, घास अडकणे, सतत उलट्या ही घरी थांबण्याची लक्षणे नाहीत. उजवीकडे खाली दुखत असताना पोट साफ करायला एरंडेल देणे धोक्याचे आहे, कारण सुजलेले अपेंडिक्स त्याने फुटू शकते. छातीतल्या जळजळीबरोबर घाम, धाप किंवा हात-जबड्यात कळ असेल, तर ती हृदयविकाराची खूण असू शकते. अशा वेळी ओवा-सोड्यावर वेळ न दवडता तडक मेडिकल, मेयो (नागपुरातली दोन मोठी सरकारी रुग्णालये) किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.