अनंतावर जुळलं म्हणजे फोकस बरोबर? नाही!

जुना रेंजफाइंडर कॅमेरा (दृश्याच्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायचा) घेणाऱ्याला नाशकात आजही हमखास एकच सल्ला मिळतो: लांबचा डोंगर बघा, दोन प्रतिमा एक झाल्या की फोकस बरोबर. मीही म्हसरूळहून चामरलेणीच्या डोंगरावर प्रतिमा जुळवली, खूश झालो. मग रामकुंडावर मीटरभरावरून एका आजींचा फोटो काढला. डोळे धूसर, कानाची बाळी मात्र लख्ख!

ही बाळी महत्त्वाची. फ्रेममध्ये कुठेतरी धार असेल तर दोष बहुधा काचेत नाही, फोकसची जागा चुकतेय. बुरशी किंवा ओरखडे फोकसची जागा हलवत नाहीत.

अनंत, म्हणजे खूप लांबचं अंतर, हा फक्त एक बिंदू. लायका कॅमेऱ्याची यंत्रणा 51.6 मिमी फोकल लांबीच्या लेन्सवर बेतलेली, तर ज्युपिटर-8 सारख्या सोव्हिएत लेन्स साधारण 52.4 मिमीच्या हिशोबाच्या. त्यामुळे अशी लेन्स लायकावर लावली की दूरचं जुळतं आणि जवळ, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राला) चूक उघडी पडते. शिवाय झाइस कंपनीच्या सोनार रचनेत (ज्युपिटर-8 हीही त्याच रचनेची) अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की फोकस मागे सरकतो.

म्हणून ट्रायपॉड लावा, मीटरभरावर पट्टी तिरकी ठेवा, f/2 वर, म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, पट्टीच्या एकाच आकड्यावर दर वेळी नव्याने फोकस करून तीन फोटो काढा. तिन्ही एकाच बाजूला चुकले तर जुळणीचा, म्हणजे रेंजफाइंडर आणि लेन्सच्या मेळाचा दोष. विखुरले तर आपली नजर किंवा ढिला सांधा. मग कॅमेऱ्याच्याच हिशोबाची दुसरी लेन्स लावा. तीही तशीच चुकली तर दोष बॉडीत. एवढं तपासल्याशिवाय कृपया कुणालाही स्क्रू फिरवू देऊ नका.