पिवळा खडा घेताना

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळला की माणसं, ढोल, छत्र्या सगळं एकाच रंगाचं होऊन जातं. लग्नाची हळद, देवाचा पीतांबर, गळ्यातलं सोनं... मंगल म्हटलं की पिवळं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

हळदीतलं कर्क्युमिन पांढऱ्या उजेडातला जांभळा-निळा भाग शोषतं आणि उरलेला उजेड पिवळा दिसतो. सोनंही निळाच भाग गिळतं, पण कारण वेगळं. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीनं आतले इलेक्ट्रॉन इतके वेगात असतात की तिथं आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा हिशेब लागू होतो आणि इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सरकून निळा उजेड शोषला जातो. चांदीत हेच शोषण डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील भागात होतं, म्हणून हुपरीची चांदी पांढरी आणि गुजरीतलं, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातलं, सोनं पिवळं.

खड्यांचंही तसंच, निळा उजेड खाणारा प्रत्येकात निराळा. पुष्कराज म्हणजे कुरुंद, अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. शुद्ध असेल तर रंगच नसतो. त्यात किंचित लोह शिरलं की पिवळेपण येतं. क्रोमियम शिरलं तर त्याच खनिजाचं माणिक होतं! पिवळ्या हिऱ्यात हे काम नायट्रोजन करतो. सुनेला हा दुसरा पिवळा खडा मात्र क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचा, आणि बाजारातला बराचसा सुनेला मुळात जांभळा अ‍ॅमेथिस्ट असतो. भट्टीत सुमारे ४५० अंशांपर्यंत तापवून त्याला पिवळा केलेला. यात फसवणूक नाही, फक्त तो पुष्कराज म्हणून गळ्यात पडता कामा नये.

रंगावरून हे दोन ओळखायला जाऊ नका. वजन बोलतं. कुरुंदाची घनता ४, क्वार्ट्झची २.६५, म्हणजे एकाच मापाचे दोन खडे काट्यावर ठेवले तर पुष्कराज दीडपट भरतो. पुष्कराज म्हणून दाखवलेला खडा वजनाच्या मानानं मोठा दिसत असेल, तर विचारायला लाजू नये. आणखी एक गोम रत्तीची. सोन्याच्या तोळ्यातली रत्ती सुमारे ०.१२ ग्रॅमची, रत्नवाल्यांची साधारण ०.१८ ग्रॅमची. त्यापेक्षा भाव कॅरटमध्येच विचारावा, एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यात वाद नाही.

पुष्कराज गुरूचा खडा, तो गुरुवारी, तर्जनीत, सव्वापाच रत्तीचा घाला असं कुणीतरी सांगितलेलं असतंच. श्रद्धेनं घालणाऱ्यानं घालावा. पण गुरू ग्रह जवळात जवळ आला तरी पृथ्वीपासून ५८ कोटी किलोमीटरहून लांब असतो, आणि खड्यातल्या लोहाशी त्याचा संबंध जोडणारी कुठलीही भौतिक क्रिया ठाऊक नाही. पैसे मोजताना माझं लक्ष पत्रिकेपेक्षा प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर जाईल. खडा कृत्रिम आहे का, तापवलाय का, रंगासाठी त्यात बेरिलियम हे मूलद्रव्य मुरवलंय का, हे तिथं लिहिलेलं असतं. किरणोत्सर्ग देऊन पिवळे केलेले काही पुष्कराज उन्हात फिके पडतात, तेव्हा हाही प्रश्न विचारून ठेवावा.

रोज वापरायची अंगठी असेल तर कठीणपणा बघा. मोह्सच्या एक ते दहाच्या मापावर पुष्कराज ९, सुनेला ७. रस्त्यावरच्या धुळीतही क्वार्ट्झचे कण असतात, त्यामुळं सुनेल्याच्या कडा हळूहळू बोथट होतात. टोपाझ हा आणखी एक खडा ८ असला तरी एका दिशेनं सरळ चिरतो, ओट्यावर आपटला की संपलं. तो पदकात बरा. अंबर, म्हणजे झाडाचा जुना घट्ट झालेला डिंक, तर जेमतेम अडीच, नखाइतकंच कठीण, त्याला कानातच जागा द्यावी.

कोंदण कसलं हाही प्रश्न आहेच. फिका खडा पिवळ्या सोन्यात बसवला की सोन्याची झाक घेऊन गडद दिसतो, चांदीत त्याचा खरा रंग उघडा पडतो. म्हणून खडा सुटाच घ्या, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखालून बाहेर आणून सकाळच्या उजेडात बघा. सराफ नको म्हणाला, तर पुढचं दुकान गाठा. गुजरीत दुकानांना काय तोटा!