डिजिटल माध्यमांवरील नक्कल-प्रतिबंध भेदणे : भारतीय कायदा

चित्रपटाची डीव्हीडी, ई-पुस्तक, संगणक-प्रणाली यांची नक्कल होऊ नये म्हणून त्यांवर घातलेली सांकेतिक बंधने निकामी करणे किंवा त्यांना बगल देणे, ही कृती भारतात प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम ६५-अ खाली येते. २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या या कलमानुसार, अधिनियमाने दिलेल्या अधिकारांचा भंग करण्याच्या हेतूने परिणामकारक तांत्रिक उपाय (म्हणजे अशी बंधने) भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो.

‘भंग करण्याच्या हेतूने’ ही अट या कलमाचा कणा आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात प्रवेश रोखणारे बंधन भेदणे हेच मुळात निषिद्ध असून त्यातून मिळणाऱ्या सवलती दर तीन वर्षांनी नव्याने ठरवल्या जातात. बंधन भेदणारी साधने पुरवण्यावरही तेथे बंदी आहे. डीव्हीडीचे सांकेतन उलगडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम संकेतस्थळावरून देण्यास न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००० मध्ये मनाई केली, ती याच आधारावर. कलम ६५-अ मध्ये साधनांवर अशी स्वतंत्र बंदी नाही. शिवाय अधिनियमाने स्पष्टपणे मना न केलेल्या प्रयोजनासाठी बंधन भेदण्यास या कलमाची आडकाठी नाही, आणि सांकेतनविषयक संशोधन, मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षा-चाचणी, कायदेशीर तपास यांनाही त्याने वगळले आहे. नक्कल-प्रतिबंधाच्या आडून प्रताधिकाराची व्याप्ती वाढू न देणारी ही रचना अमेरिकन कायद्यापेक्षा न्याय्य म्हणावी लागेल.

तथापि हा सरसकट परवाना नव्हे. खाजगी उपयोगासाठीचा उचित व्यवहार (रास्त मर्यादेतील वापर) प्रताधिकाराचा भंग न ठरणाऱ्या कृती सांगणाऱ्या कलम ५२ ला मान्य असला, तरी विकत घेतलेल्या चित्रपटाची संपूर्ण प्रत काढणे त्यात बसते की नाही, हे त्या त्या प्रकरणातील परिस्थितीवरून ठरेल.

या तरतुदींची खरी कसोटी दृष्टिहीन वाचकांच्या बाबतीत लागते. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक रूपांतरित करण्याची मुभा त्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये दिली, आणि याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ मध्ये अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला. ई-पुस्तकावरील बंधन पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या पडदा-वाचक (स्क्रीन रीडर) प्रणालीला मजकूर वाचू देत नसेल, तर ते काढणे या मुभेशी सुसंगतच आहे. परंतु सामान्य वाचकाला ते स्वतः जमणारे नसते. आणि त्याला साहाय्य करणाऱ्यावर, साहाय्य घेणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील व प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवण्याचे बंधन कलम ६५-अ ने घातले आहे. विधिसंमत वाचनासाठी वाचकाने आपली ओळख अशी नोंदवून ठेवावी, ही अपेक्षा जाचक आहे. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार काही अपवादांचा लाभ, अपंगांसाठीच्या उपयोगासह, प्रत्यक्ष मिळेल हे पाहण्याची जबाबदारी सदस्य राष्ट्रांवर आहे; कलम ६५-अ मात्र हक्कधारकावर बंधन काढून देण्याचे कोणतेही कर्तव्य टाकत नाही.