आम्लांचे गुणधर्म : शालेय प्रयोग (कोल्हापूर)

हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक, नायट्रिक आणि असेटिक ही नेहमीची आम्ले दर्शक (रंग बदलून आम्ल की आम्लारी हे सांगणारे पदार्थ), धातू, कार्बोनेट व आम्लारी (आम्लाच्या उलट गुणांचे पदार्थ) यांच्याशी कशी वागतात, हे पडताळण्याचे माध्यमिक शाळेतील प्रयोग. राज्य मंडळाच्या इयत्ता नववीच्या विज्ञानात ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा घटक आहे. कोल्हापुरातही प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हेच रकाने भरले जातात. मात्र या गावात शाळेच्या फाटकाबाहेर, गुऱ्हाळात आणि सराफ कट्ट्यावर, तीच रसायने रोज वापरात असतात. त्यामुळे शिक्षकाला उदाहरणे शोधत हिंडावे लागत नाही.

विद्यार्थ्यांच्या हाती विरल आम्लच दिले जाते. संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल थोडे थोडे सोडायचे, आम्लात पाणी कधीच ओतायचे नाही. विरल होताना इतकी उष्णता निघते की वरचे पाणी उकळून आम्लासकट अंगावर उडू शकते. आम्लाची चव आंबट, हे वाक्य वहीत लिहिण्यापुरतेच. प्रयोगशाळेत चव घ्यायची नसते. चिंच (टार्टरिक आम्ल), लिंबू (सायट्रिक) आणि ताक (लॅक्टिक) यांनी ते काम घरीच केलेले असते.

वनस्पतींच्या रसाचा रंग आम्लाने पालटतो, हे रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये नोंदले होते. आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, मिथिल ऑरेंज लालसर दिसतो, फिनॉल्फथॅलिन रंगहीनच राहते. परसातली जास्वंद कुस्करून काढलेले पाणी आम्लात गडद गुलाबी, तर चुन्याच्या निवळीत हिरवट होते. हळद मात्र इथे फसवते. आम्लात ती पिवळीच्या पिवळी राहते, आम्लारीतच लाल होते.

उसाच्या रसाने लिटमसची मर्यादा उघडी पडते. ताज्या रसाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; ७ च्या जितका खाली तितके आम्ल जास्त) साधारण ५ ते ५.५ असतो आणि लिटमस पुरता तांबडा होतो तो सुमारे ४.५ च्या खाली. कागद जांभळट होऊन अडखळतो आणि वर्गात दोन तट पडतात. वैश्विक दर्शक वापरला की वाद मिटतो. गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, हा आम्लपणा कागदाविना ठाऊक असतो. काहिलीत रस तापताना तो चुन्याची निवळी घालतो, कारण आम्ल रस उकळत राहिला तर साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात आणि गूळ मऊ पडतो, ढेप नीट बसत नाही. चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो. आम्लारी घालून आम्लपणा घालवणे, वहीत ज्याला उदासिनीकरण म्हणतात ते हेच.

धातूंच्या प्रयोगात जस्ताचे खडे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात, नळीच्या तोंडाशी जळती काडी नेतात आणि ‘फट्’ आवाजाची वाट पाहतात. बऱ्याचदा तो येत नाही. जस्तावर ऑक्साइडचा थर असतो किंवा जस्त फार शुद्ध असते. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे जोर धरतात. आवाज होतो तो हायड्रोजनमध्ये हवा मिसळलेली असल्यामुळे, शुद्ध हायड्रोजन निमूट जळतो.

खरी परीक्षा तांब्याची. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात तांबे ढिम्म असते. तरी तांब्याची जुनी तार टाकली की ती लखलखते, द्रावण किंचित हिरवे दिसते आणि निम्मी मुले ‘अभिक्रिया झाली’ असे लिहून मोकळी होतात. विरघळला तो वरचा काळा ऑक्साइड. चिंचेने घासलेला तांब्या उजळतो, तोही याच कारणाने.

कार्बोनेटचा प्रयोग सहसा दगा देत नाही. खाण्याच्या सोड्यावर आम्लाचे दोन थेंब पडले की फसफस होते आणि निघालेला वायू चुन्याची निवळी दुधाळ करतो. वायू सोडतच राहिलो तर ती पुन्हा नितळ होते, कारण विरघळणारे बायकार्बोनेट तयार होते. शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड. प्रयोगशाळेत अशी फरशी असेल तर आम्ल सांडलेली जागा पॉलिश गेल्याने कायमची ओळखू येते. संगमरवराच्या तुकड्यांवर विरल सल्फ्युरिक आम्ल घातले तर मात्र फसफस सुरू होऊन थोड्या वेळात मंदावते. कॅल्शियम सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल आतल्या दगडापर्यंत पोचत नाही. आम्ल संपले, असे अनुमान काढू नये.

नायट्रिक आम्ल या साऱ्यांत वेगळे. बहुतेक धातूंशी ते हायड्रोजन देत नाही, नायट्रोजनची ऑक्साइडे देते. तांब्याशी निघणारा तपकिरी वायू विषारी असल्याने हा भाग शिक्षकच करून दाखवतो. कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारातील सोन्याच्या कसोटीमागेही हेच आम्ल असते. दागिना काळ्या दगडावर घासून रेघ काढायची आणि तिच्यावर थेंब सोडायचा. पितळेची रेघ हिरवी होऊन पुसली जाते, चोख सोन्याची तशीच राहते.