नाव तेच, इंजिन वेगळं: मिडसाइज सेडानच्या भरवशाची पार्श्वभूमी

मोठे चार-पाच जण नीट बसतील, सगळ्यांचं सामान मागच्या डिकीत मावेल, तेल फार पिणार नाही आणि दोन लाख किलोमीटरनंतरही सकाळी पहिल्या चावीला सुरू होईल, अशी गाडी म्हणजे मिडसाइज सेडान. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वर्गीकरणात प्रवासी आणि सामान मिळून ११० ते ११९ घनफूट जागा असलेली सेडान या वर्गात बसते. टोयोटा कॅम्री आणि होंडा अकॉर्ड ही त्यातली जुनी आणि आजही चालू असलेली नावं. त्यांचा लौकिक खरा आहे, पण तो विशिष्ट काळातल्या विशिष्ट इंजिन-गिअरबॉक्सने कमावलेला आहे. डिकीवरचं नाव पाहून जुनी गाडी घेणारा फसतो तो इथेच.

या गाड्यांची मांडणी त्यांच्या जन्माआधीच ठरली होती. १९५९च्या मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीत तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवून पुढची चाकं चालवली, पण गिअरबॉक्स इंजिनच्या खाली, त्याच ऑइलमध्ये होता. १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुला या इटालियन गाडीत अभियंते दान्ते जाकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनच्या शेजारी, त्याच रेषेत आणला आणि डाव्या-उजव्या बाजूला कमी-जास्त लांबीचे ड्राइव्ह शाफ्ट दिले. आजही हीच रचना चालते. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट गेल्यामुळे फरशी जवळपास सपाट झाली आणि मधल्या प्रवाशाला पाय ठेवायला जागा मिळाली.

या सोयीबरोबर एक नाजूक भाग मात्र आला. ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाशी सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी फिरणं चालू ठेवणारा सांधा) असतो आणि त्यावर घड्यांचं रबरी बूट. चाक वळलं की बाहेरचं बूट प्रत्येक वेळी मुडपतं, म्हणून आधी तेच चिरतं. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फराटे दिसले, तर बूट फाटलंय हे नक्की. तेव्हाच बदललं तर काम थोडक्यात भागतं. राहू दिलं तर आत धूळ-पाणी जातं, ग्रीसचा चिखल होतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की कटकट आवाज सुरू होतो. मग अख्खा शाफ्टच बदलावा लागतो.

या वर्गाला गिऱ्हाईक मिळवून दिलं ते १९७३च्या तेलसंकटाने आणि त्याआधीच्या धुराच्या नियमांनी. अमेरिकेचा १९७०चा स्वच्छ हवा कायदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाशिवाय) पाळता येणार नाही, असं मोठ्या कंपन्या म्हणत होत्या. होंडाच्या सीव्हीसीसी इंजिनाने तो पाळून दाखवला. छोट्या उपकक्षात पेट्रोलचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण आधी पेटायचं आणि त्या ज्वाळेने मुख्य कक्षातलं विरळ मिश्रण जळायचं. १९७६ची पहिली अकॉर्ड तीन दारांची हॅचबॅक होती, सेडान आली १९७७ मध्ये. १९८०ची सेलिका कॅम्री मागच्या चाकांवर चालायची, १९८२च्या कॅम्रीने आडवं इंजिन घेतलं.

केवळ मांडणीने भरवसा येत नाही, हे जनरल मोटर्सच्या शेव्हरोले सायटेशनवरून लगेच दिसलं. आडवं इंजिन, पुढची चाकं, ऐसपैस जागा, सगळं होतं, पण रिकॉलवर रिकॉल (दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाले. फरक कारखान्यात होता. १९५० मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानमध्ये गुणवत्तेवर व्याख्यानं दिली. टोयोटात ताइइची ओनो यांनी घडवलेल्या पद्धतीत दोष दिसला की कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकत होता. जनरल मोटर्सने बंद केलेला कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत सुरू झाला, तेव्हा बरेचसे कामगार जुनेच होते आणि तरीही गाड्यांचा दर्जा पार बदलला.

१९८१ मध्ये जपानने अमेरिकेला होणारी निर्यात स्वतःहून वर्षाला १६.८ लाख गाड्यांवर बांधून घेतली. संख्या वाढवता येत नाही म्हटल्यावर प्रत्येक गाडी जास्त मोठी आणि भरलेली करणं कंपन्यांच्या फायद्याचं झालं. अकॉर्ड वाढत गेली त्यामागे हेही कारण आहे. १९८२ मध्ये ओहायोतल्या मेरिसव्हिलला ती बनू लागली, १९८८ पासून केंटकीतल्या जॉर्जटाउनला कॅम्री. १९८९ मध्ये अकॉर्ड अमेरिकेत सर्वाधिक खपाची गाडी ठरली, १९९२ ते १९९६ हा मान फोर्ड टॉरसकडे होता आणि १९९७ मध्ये तो कॅम्रीने घेतला.

लौकिक पक्का झाला तो नव्वदच्या दशकातल्या साध्या चार सिलिंडर इंजिनांनी. कॅम्रीच्या २.२ लिटर ५एस-एफई इंजिनाचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) सुमारे ९६,००० किलोमीटरला बदलायचा. चुकून तुटलाच तर इंजिन जागेवर बंद पडायचं, पण व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना लागत नसल्याने आत मोडतोड होत नसे. अकॉर्डच्या २.२ लिटर एफ२२ मध्ये मात्र बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकलेच. दोन्हींत वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो. म्हणून कव्हर उघडल्यावर बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पंप आणि कॅम-क्रँकचे सील एकदमच बदलावेत, कारण मजुरीचं मोठं काम तेच असतं. एफ२२ मध्ये पुढच्या बॅलन्सर शाफ्टच्या (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्याच्या) सीलवर रिटेनर क्लिप आहे का, तेही बघावं. ते सील निसटलं तर ऑइल भराभर बाहेर जातं. गाडी कमी चालली असली, तरी वर्षं झाली की बेल्टचं रबर कडक होऊन चिरतंच.

२००२च्या कॅम्रीत २एझेड-एफई आणि २००३च्या अकॉर्डमध्ये के२४ इंजिन आलं, आणि बेल्टच्या जागी चेन आली. चेन बदलायची नाही म्हणजे काहीच बघायचं नाही, असा समज इथून पसरला. चेन आणि तिचा टेन्शनर जगतात ते ऑइलवर. ऑइल कमी पडलं किंवा जुनं झालं की चेन सैल होते आणि थंड इंजिन सुरू करताना खडखडते. त्यातच २००७ ते २००९च्या २एझेड-एफई मध्ये पिस्टन रिंगांपाशी ऑइल परत जाण्याचा मार्ग कार्बनने तुंबायचा आणि ऑइल जळायचं. टोयोटाच्या चाचणीत १,२०० मैलांत, म्हणजे सुमारे १,९०० किलोमीटरमध्ये एक क्वार्ट (साधारण एक लिटर) ऑइल गेलं तर इंजिन सदोष धरत. अशा गाडीत बोनेट न उघडता १०,००० किलोमीटर चालवलं, तर डिपस्टिक कोरडीच निघेल. दर हजार किलोमीटरला, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पातळी बघणं एवढाच उपाय आहे.

गिअरबॉक्सचंही हेच झालं. होंडाच्या व्ही६ गाड्यांच्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये दुसऱ्या गिअरला पुरेसं ऑइल पोहोचत नव्हतं, तो तापून दाते तुटण्याचा धोका होता. २००४च्या रिकॉलमध्ये ऑइलचा जादा जेट बसवून दिला गेला. २००७ पासून निसान अल्टिमात सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) आला आणि झटके, थरथर, जास्त तापणं अशा तक्रारी वाढल्या. कंपनी ‘आयुष्यभर ऑइल बदलायला नको’ म्हणाली तरी ऑटोमॅटिकचं ऑइल ६०,००० किलोमीटरच्या आसपास बदलावं, असं माझं ठाम मत आहे. बोल्ट काढून निथळल्यावर सगळं ऑइल बाहेर येत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, ऑइलने भरलेल्या भागात) राहतं. त्यामुळे थोडं अंतर चालवून दोन-तीन वेळा काढणं-भरणं करावं लागतं. सीव्हीटीत साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) कधीही घालू नये.

ह्युंदाईने अमेरिकेत १९९८ मध्ये इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी देऊन सोनाटाचं गिऱ्हाईक वाढवलं. पुढे २०१५ मध्ये सोनाटातल्याच थीटा २ इंजिनांचा रिकॉल निघाला. क्रँकशाफ्टच्या मशिनिंगमधले धातूचे कण ऑइलच्या वाटेत राहिल्याने बेअरिंग खराब होत होती. म्हणून जुनी गाडी बघताना चेसिस नंबर टाकून रिकॉलचं काम झालंय का हे आधी तपासावं आणि मगच रंग नि सीट बघाव्यात.

एसयूव्हीच्या लाटेत हा वर्ग आक्रसला. फोर्डने २०२० मध्ये फ्यूजन आणि २०२२ मध्ये युरोपातली मॉन्डिओ बंद केली. कॅम्री टिकली, पण अमेरिकेत २०२५च्या मॉडेलपासून ती फक्त हायब्रिडच मिळते. टोयोटाच्या या हायब्रिडमध्ये पट्ट्याचा सीव्हीटी नाही, प्लॅनेटरी गिअर आहेत. वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटरही नाही, म्हणजे बिघडणारे नेहमीचे दोन भाग कमी झाले. नवा नाजूक भाग आहे तो बॅटरीला थंड हवा देणारा पंखा. त्याची जाळी मागच्या सीटजवळ असते आणि धूळ, केस, चादरीचे धागे तिथेच साचतात. ती तुंबली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. दर सर्व्हिसिंगला जाळी काढून झटकायला सांगावं आणि त्या तोंडासमोर पिशव्या ठेवू नयेत.